तिसऱ्या गाण्यातला कॉम्प्रेसर

पुण्याच्या समीक्षकाने पाचपैकी अडीच तारे दिले.
अडीच म्हणजे नक्की किती, इनासने विचारलं,
अर्धा तारा कापायला कुठली कोयती घेतात?
आम्ही वेंगुर्ल्याच्या बंदरावर, जेटीच्या कठड्यावर,
फोन एक, डोकी चार,
आणि स्क्रीनवर सुरमईचं एक खवलं चिकटलेलं,
कारण फोन रोहिदासचा.

गायकाचा आवाज, त्याने लिहिलं होतं,
घशातून वर यायला कंटाळतो.
खरं आहे. इनासला त्या आठवड्यात ताप होता.
ड्रम सुक्या बांगड्यासारखे कोरडे.
मकबूल म्हणाला, या माणसाने बांगडा कधी
वाळत घातलेला नाही. कावळे हाकलत
दुपारभर बसला असता तर कोरडं म्हणाला नसता.

मात्र तिसऱ्या गाण्याखाली अखंड वाहणारा तो खर्ज,
तो धाडसी. तो अस्वस्थ करणारा.
त्या एका खर्जासाठी अल्बम जवळ ठेवावा.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
तिसऱ्या गाण्यात खर्ज नाही.
आरोलकरांच्या बर्फाच्या कारखान्यात
रात्री एक ते चार खोली फुकट मिळायची,
अट इतकीच की मशीन बंद करायचं नाही,
पहाटे ट्रॉलर लागतात, बर्फ लागतो.
तो कॉम्प्रेसर पुसून टाकायला
आम्ही अकरा रात्री घालवल्या
आणि हरलो.

चाहत्यांचं आणखीच वेगळं.
पहिला अल्बम ज्यांना पाठ आहे ते
जुन्या भाडेकरूंसारखे येऊन भिंती चाचपतात,
इथे खिडकी होती ना, कुठे गेली?
कुडाळच्या एकाने कळवलं, तुम्ही विकले गेलात.
कोणाला रे बाबा?
आम्ही भाव सांगून कधीचे बसलोय.
देवगडचा एकजण आंब्याच्या पेट्या भरताना ऐकतो,
त्याला पाचवंच आवडतं,
तेवढ्यात तीन पेट्या होतात.

आणि सावंतवाडीची शर्वाणी.
तिने सगळी गाणी ऐकून ऐकून
वहीच्या कागदांवर लिहून पाठवली, शाईने.
दुसऱ्या गाण्यात मी लिहिलं होतं,
तुझ्या नावेत पाणी शिरतंय.
तिने ऐकलं, तुझ्या नावात पाणी शिरतंय.
मी तो कागद दोन दिवस खिशात घेऊन फिरलो,
चूक सांगायला पत्र लिहायला घेतलं,
मायना लिहिला, तारीख लिहिली.
इनास आता तिचंच गातो.
शब्द माझे, पण मला कोणी विचारलं नाही.
मीही काही बोललो नाही.

सगळ्यात शेवटी ऐकलं बाबलीने,
कारखान्याचा रात्रपाळीचा माणूस,
कानात माझेच इयरफोन, डोळे मिटलेले.
चार येळा आयकलंय, म्हणाला.
गाणां बरां आसा.
पण बेअरिंग गेलां हा तेचां.
रोज बाजूक बसान माका कळाक नाय,
तुमच्या गाण्यात कळलां.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला कणकवलीहून.
बाबलीने जुनं बेअरिंग आम्हाला आणून दिलं,
काळं, तेलकट, एका बाजूने झिजलेलं.
तो धाडसी खर्ज.
मकबूलने पुसून ड्रमच्या पेटीत ठेवलाय.

काल रात्री आम्ही परत गेलो, नव्या गाण्यासाठी.
मशीन आता गुपचूप चालतं,
पाळण्यातल्या पोराचा श्वास जेवढा तेवढंच.
माइक लावला, हेडफोन घातले,
आणि पहिल्यांदाच आम्ही नुसते आम्हीच ऐकू आलो,
सुरुवातीपासून शेवटपर्यंत,
झाकायला काही नाही.

कोणी काही बोलेना.
रोहिदासने बासच्या जाड तारेवर तो आवाज
काढून बघितला, नाही जमला.
बाबली बर्फाची लादी ओढत दारातून गेला,
थांबला, आमची तोंडं बघितली
आणि पाना हातात घेऊन म्हणाला,
परत बिघडवू काय तेका?